कूलरपुढचा तबला

जयपुरात माझ्या तोडीचा मराठी तबलजी दुसरा नाही. कारण दुसरा मराठी तबलजीच नाही.

एक होता. बँकेतला होता, त्याची नागपूरला बदली झाली आणि त्या दिवशी मी आपोआप पहिला आलो. आयुष्यात दुसऱ्या कशात पहिला आलेलो नाही. शाळा सातवीपर्यंत रेटली, मग मास्तरांनी आणि मी मिळून ठरवलं की आता एकमेकांना त्रास द्यायचा नाही. तबला गावातल्या भजनात शिकलो. शिकलो म्हणजे, खरा वाजवणारा तंबाखू मळायला बाहेर गेला की मी त्याच्या जागेवर बसायचो आणि तो आला की उठायचो. त्याच्या तंबाखूला जेवढा वेळ लागला, तेवढं माझं शिक्षण.

सांगलीकडनं जयपुरात आलो तो बायकोच्या सामानातनं. ती बँकेत आहे. तिची बदली झाली, तिनं पलंग बांधला, कपाट बांधलं, फ्रीज बांधला, आणि घरात शेवटी मी उरलो, तर मलाही घेतलं. आम्ही इथल्या मानसरोवर वस्तीत राहतो. ती कामावर जाते. मी पोरीला शाळेत सोडतो, भाजी आणतो, पोळ्या करतो. आजची पोळी कुठल्या राज्याच्या आकाराची झालीय ते पोरगी मला हिंदीत सांगते.

गणपतीत मात्र माझा मान. इथल्या मराठी लोकांच्या आरत्या माझ्याच ठेक्यावर होतात आणि लवकर होतात. पोरं माझ्यावर खूश, कारण मोदक लवकर हातात पडतात. "तू आरती म्हणायला लावत नाहीस, पळायला लावतोस," असं काका म्हणायचे. मी ते कौतुक समजायचो.

हे काका आणि काकू माझे नात्यातले कोणी नाहीत. तिलक नगरला राहतात. काका विम्यातनं रिटायर झालेले, काकू आपल्या लोकांच्या पोरांना घरी गाणं शिकवतात. परमुलखात एक घर असं लागतं की जिथं न सांगता गेलं तरी ताटात भाकरी पडते. माझं ते घर.

काकूंच्या आईनं चार गाणी केली होती. एक पाळणा, एक पोरांना पहाटे उठवायचं, एक पंचमीच्या झोक्याचं आणि एक लेकीला सासरी धाडतानाचं. शब्द तिचे, चाल तिची. कुठं छापलेली नाहीत, दुसऱ्या कुणाला येत नाहीत. आई गेली, मावशी गेली, आणि ती चार गाणी उरली फक्त काकूंच्या गळ्यात.

आणि गेल्या उन्हाळ्यात त्याच गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल. जिथं आहे तिथनं आवाजाच्या नसा जातात. बोलता येईल. गाता येईल का, ते काढल्यावर बघू. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं. काकूंची लेक बेंगळुरूला असते. तिनं तिथनंच फोनवर वैशाली नगरमधला एक स्टुडिओ शनिवारी सकाळसाठी ठरवून टाकला. आईचा आवाज आहे तसा धरून ठेवायचा, एवढंच तिचं म्हणणं.

मला घरी बोलावून काकू म्हणाल्या, "तबला तू वाजवायचा. आणि वाद्यं नीट करून तिथं आणायची तीही तूच. तंबोऱ्याच्या तारा गंजल्यात. पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नाही. काकांची पाठ धरलीय."

मी "हो" म्हणालो. मला कुणीही काही विचारलं की तोंडातनं आधी हो निघतं, मग पोटात गोळा येतो. या वेळी गोळा जिन्यातच आला. मनात आलं, ही शेवटची गाणी असली तर? आणि ती माझ्यामुळं बिघडली तर? गोठ्यातली म्हैस सुटली तर आणता येते. हे कुठनं आणायचं?

वाद्यं न्यायला गेलो तेव्हा काका दारात कंबर धरून उभे होते.

"फुटलं तर सांग. लपवू नकोस."

"काका, फुटेल कसं?"

"मी जन्मभर विम्यात काढलाय. ज्याच्या हातनं फुटणार तो मला चेहऱ्यावरनं कळतो," काका म्हणाले, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

पेटी आणि तबला टॅक्सीच्या डिकीत ठेवला. तंबोरा मांडीवर घेऊन मागं बसलो, त्याचा भोपळा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. टॅक्सीवाल्यानं आरशात बघितलं.

"भाईसाब, इतनी बड़ी लौकी कहां से लाए?"

"भैया, स्पीडब्रेकर पे धीरे लेना."

"कोई मरीज है क्या गाड़ी में?"

"हां," म्हणलं, "मरीजच है."

खोटं नव्हतं. मला घाम फुटला होता, जीभ टाळ्याला चिकटली होती. मानसरोवरपर्यंत बिचाऱ्यानं गाडी अशी चालवली की मागनं लोक हॉर्न मारून मारून दमले.

घरी आल्यावर सगळं सतरंजीवर मांडलं आणि लांब जाऊन बसलो. हात लावायची छाती होईना. बायको बँकेतनं आली, बूट काढता काढता म्हणाली, "अहो, वाद्यं दुरुस्त करायची असतात. राखण करायची नसते."

मग तारा घेतल्या. तंबोऱ्याची तार चढवताना तुटली तर सापासारखी उसळून तोंडावर येते, हे मला माहीत होतं, कारण एकदा आलेली आहे. म्हणून मी तोंड भिंतीकडं केलं, डोळे मिटले, आणि हात लांब करून खुंटी पिळायला लागलो.

"तार लावताय का बॉम्ब निकामी करताय?" बायकोनं विचारलं.

"गप बस. काकूंच्या सासऱ्यांचा तंबोरा आहे."

"मग डोळे तरी उघडा. सासऱ्यांचं नाक तोडाल."

पण लागल्या तारा. एकही तुटली नाही. त्या आनंदात मी पेटी उघडली. पट्टीखाली कधीकाळचा चुरमुऱ्याचा एक दाणा अडकला होता, तो काढला. पट्टी टकाटक वर यायला लागली. मी पोरीला हाक मारून दाखवलं, बघ तुझा बाप. मग पेटी बंद केली, आणि सतरंजीवर एक स्क्रू उरला.

परत उघडली. सगळी भोकं बघितली. प्रत्येक भोकात स्क्रू होता. बंद केली. स्क्रू हातात तसाच. मी वाजवून बघितलं, प्रत्येक सूर येत होता, भाता नीट हालत होता. म्हणजे हा स्क्रू अशा कशाचा तरी होता जे आत्ता चालतंय आणि ऐन गाण्यात सुटणार आहे. तो मी शर्टाच्या खिशात ठेवला. तिथं तो माझ्या काळजाजवळ टोचत राहिला.

आता खरी भीती सांगतो.

आमच्या गावाकडं वाद्याला भीती ओलीची. पावसाळ्यात कातडं मऊ पडतं, मग भजनाआधी डग्गा चुलीपाशी ठेवायचा, तबल्याला शेक द्यायचा. ओलीशी कसं भांडायचं ते मला येत होतं. पण जयपूरचा मे महिना! दार उघडलं की भट्टीचं झाकण काढल्यासारखी लू आत येते. दोरीवर वाळत घातलेली चादर शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिल्या टोकाला वाळलेली असते. माझ्या टाचांना इतक्या भेगा की पायमोजे अडकतात. माणसाचं कातडं असं फाटतं, तर भोपळ्याचं काय होत असेल?

मी फोनवर शोधलं. ते करायला नको होतं. एका व्हिडिओत एक गृहस्थ तडकलेला भोपळा दाखवत होते. कडक उन्हाळा, कोरडी हवा, आणि वरपासून खालपर्यंत चीर. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. वरच्या मजल्यावर एक सुभेदार राहतात, आपल्याच साताऱ्याकडचे. त्यांच्या बायकोला, वहिनींना, जिन्यात विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कोरडी हवा फार वाईट हो भाऊजी. आमच्या देव्हाऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात चीर गेली. मतलब, देव आत बसलेले असताना."

देवाला सोडत नाही ती हवा मला सोडणार होय?

मग मी हिशेब लावला. गावाकडं ओल वाईट, म्हणून शेक देतात. इथं सगळं उलटं, म्हणून ओल द्यायची. आयुष्यात मी डोकं लावलं असे प्रसंग थोडे आहेत आणि हा त्यातला सगळ्यात महागाचा.

आमच्याकडं एक मोठा कूलर आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या जाळ्या, त्यावर पाणी पडतं आणि आतला पंखा ओलं गार वारं फेकतो. मी त्यात पाणी काठोकाठ भरलं, बर्फाचा ट्रे ओतला, आणि समोर तंबोरा, पेटी, तबला, डग्गा ओळीनं बसवले, जसे काही लग्नाला आलेले पाहुणे. शुक्रवारी दुपारी लावला तो शनिवारी सकाळपर्यंत. आम्ही तिघं आतल्या खोलीत पंख्याखाली उकडत पडलो.

"माणसाला कूलर नाही आणि भोपळ्याला आहे," बायको अंधारात म्हणाली.

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मग मलाही एक दिवस तिथं ओळीत बसवा."

सकाळी उठून आधी भोपळा बघितला. चीर नव्हती. मी भोपळ्याला हात जोडले. मग तबल्यावर बोट मारलं.

तबल्यातनं "ना" असा स्वच्छ सूर यायला पाहिजे. तसा आला नाही. भाकरीचं पीठ थापल्यावर येतो तसा आवाज आला. थप्प. मी परत मारलं. थप्प. कातडं पाणी पिऊन पिऊन लोळागोळा झालं होतं.

मी तिथंच खाली बसलो. वेळ कमी, आणि जयपुरात मराठी तबलजी नाही तर दुसरा तबला आणायचा कुणाकडनं? दुसऱ्या लोकांचे असतील, पण मला कोण ओळखतो? हातोडी घेतली. तबल्याच्या बाजूला चामड्याच्या पट्ट्यांखाली लाकडाचे गट्टे असतात, ते खाली ठोकले की कातडं ताणतं आणि सूर चढतो. ठोकले. चढेना. अजून ठोकले. शेवटी ठोकत ठोकत पेटीच्या सुराला आणला, तेव्हा गट्टे पार बुडाला टेकायला आले होते. आणखी ठोकायला जागाच नव्हती.

पण सूर मिळाला होता. मला वाटलं, जिंकलो.

बायकोनं निघताना चारी वाद्यांना हळदकुंकू लावलं. मग कुंकवाचं बोट तसंच माझ्या कपाळाला लावलं. "तुम्हीही त्यातलेच," म्हणाली. पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

स्टुडिओ एका बंगल्याच्या तळघरात होता. आत पाऊल टाकलं आणि माझे कान बंद झाले. असं खरंच वाटलं. भिंतींना सगळीकडं गादीसारखं लावलेलं, जाडजूड दार, ते लागलं की बाहेरचं जग संपलं. कुठलाच आवाज नाही. मला माझा श्वास ऐकायला यायला लागला, आणि तो चांगला चाललेला नव्हता. वर एसी असा की दात वाजावेत.

काचेच्या पलीकडं बसणारा स्टुडिओवाला भैया वयानं लहान पण वागायला थेट डॉक्टर. हळू बोलायचा, हळू चालायचा. त्यानं तबल्यावर दोन माइक वाकवून ठेवले, माझ्या कानांवर हेडफोन घातले आणि पलीकडं जाऊन बसला. मग माझ्या कानातच त्याचा आवाज आला.

"सर, ये गुड़-गुड़ की आवाज़ कहां से आ रही है? तबले से?"

मी ऐकलं. मलाही येत होती.

"नहीं भैया," म्हणलं. "पेट से."

"सर, उसको थोड़ा कंट्रोल कीजिए."

काकूंना हसू येईल असं वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. निळी साडी नेसून, समोर गरम पाण्याचा थर्मास ठेवून ताठ बसल्या होत्या. गाठीच्या जागी पदर असा घेतला होता की कुणाला दिसू नये. काचेच्या पलीकडं काका, गुडघ्यांवर हात ठेवून, विम्याचा अर्ज तपासत असल्यासारखे आमच्याकडं बघत होते.

काकूंनी माझं मनगट धरलं. हात बर्फ.

"अरे, मला भीती वाटतीय," त्या हळूच म्हणाल्या.

इतका वेळ मला वाटत होतं की सगळी भीती माझ्याच वाट्याला आलीय. काकू म्हणजे पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई. तिची भीती बघून माझी दुप्पट झाली.

"काकू, मी आहे ना," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ते ऐकून त्यांचा चेहरा आणखी उतरला.

काकूंनी तंबोरा लावून घेतला. मग मी तबल्यावर "ना" मारला. चढा होता. सकाळी बरोबर मिळवलेला सूर आता वर गेला होता. मी हातोडीनं गट्टे थोडे सैल केले. परत मारला. परत चढलेला. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. त्या थंड कोरड्या एसीत कातडं वाळत होतं. ओलं असताना मी ते जीव खाऊन ताणलं होतं, आणि आता ते वाळून स्वतःच आकसत चाललं होतं. मी सोडतोय त्यापेक्षा जोरात ते ताणत होतं.

"सर, तबला थोड़ा ऊपर जा रहा है," भैया म्हणाला.

"हां, देखता हूं."

"और ऊपर गया सर."

"हां भैया, मालूम है."

काकू माझ्याकडं बघत होत्या. काका काचेला आणखी जवळ आले होते. हातोडी एकदा गट्ट्यावर आणि एकदा अंगठ्यावर पडत होती. मनात म्हणलं, देवा, एवढं एकच गाणं टिकू दे, मग काहीही होऊ दे. देवानं फक्त मागचा भाग ऐकला.

टर्र.

हेडफोनमध्ये तो आवाज असा आला की माझीच कवटी उलली म्हणून मी डोक्याला हात लावला. बघतो तर पुडी, म्हणजे तबल्याचं वरचं कातडं, काठापासून मधल्या काळ्या शाईपर्यंत फाटलेली. आत काळोख दिसत होता.

त्या खोलीत शांतता होतीच, आता तिच्यावर आणखी एक शांतता बसली. काचेपलीकडं काकांनी सावकाश मान हालवली. त्यांना चेहऱ्यावरनं आधीच कळलं होतं.

"नो प्रॉब्लम," भैया कानात म्हणाला. "कंप्यूटर में तबला है, बाद में डाल देंगे. बस टाइम देखिए, बारह बजे दूसरी पार्टी है."

मी मनातल्या मनात हिशेब केला. सोमवारी दवाखाना. उद्या रविवार, स्टुडिओ बंद. आज बारानंतर दुसरी पार्टी. आणि मधे मी, फाटका तबला मांडीत घेऊन.

काकूंनी थर्मासमधलं पाणी प्यायलं. पेटी बाजूला सारली. मग तंबोरा उचलून माझ्याकडं दिला.

"तबला ठेव खाली. हा धर. सावकाश छेड, एवढंच कर. आणि श्वास घे रे, निळा पडलायस."

मी तंबोरा धरला. चार तारा, एकामागनं एक, पुन्हा पहिल्यापासनं. यात चुकायला काही नाही. पण मला स्वतःची खात्री असल्यामुळं मी तेही भीत भीतच करत होतो. बोटं घामानं ओली, तारेवरनं सुटतील असं दर वेळी वाटायचं. खिशातला स्क्रू छातीला टोचत होता.

काकूंनी डोळे मिटले आणि पाळणा धरला.

गाण्यातलं मला कळत नाही, खरंच नाही. पण काकूंचा पाळणा मी त्यांच्या घरी ऐकलेला होता, मांडी घालून, ताल धरत. या वेळी तो वेगळाच होता. कुठंही घाई नव्हती. एक ओळ संपली की काकू थांबायच्या, खरंच पाळण्याला एक झोका देऊन तो परत येईस्तोवर थांबावं तशा, आणि मग पुढची ओळ. पोराला झोप लागतीय का ते बघत बघत गावं तसं. मधे एका ठिकाणी आवाज विरला, कापडाचा दशा सुटलेला काठ असतो तसा. मला धडकी भरली, गेला, आत्ताच गेला. पण त्या त्याच जागेवर परत आल्या आणि तोच सूर पुन्हा उचलला.

माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. ते चाललं असतं. पण डोळ्यांबरोबर नाकही वाहायला लागलं. समोर माइक. भैयानं पोटाची गुडगुड ऐकली होती, तो नाक ओढलेलं सोडणार होता का? दोन्ही हात तंबोऱ्याला. पुसता येईना, ओढता येईना. तसाच बसलो. नाकाची धार ओठांवरनं हनुवटीवर, हनुवटीवरनं शर्टावर. काकू आईच्या पाळण्यात रमलेल्या आणि मी त्या पाळण्यातल्या पोरासारखा गळत होतो.

पाळणा झाला. पहाटेचं झालं. झोक्याच्या गाण्याला त्या दोनदा थांबल्या, खोकल्या, पाणी प्यायल्या. भैया एकदाही वेळेबद्दल बोलला नाही. सासरी धाडायचं गाणं शेवटी. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी तार छेडायला घाबरलो, माझ्या तारेखाली तो दबेल म्हणून. मग काकूंनी डोळे उघडले आणि पदरानं माझं नाक पुसलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

काका गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. मी फाटका तबला फडक्यात गुंडाळून घरी आणला आणि पलंगाखाली सारला. पेटीचा स्क्रू देव्हाऱ्यात ठेवला, दुसरं कुठं ठेवणार?

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. पण काकूंना बरेच दिवस बोलायची बंदी होती. लेक आली होती, तिचा बायकोला फोन यायचा. बायको मला सांगायची. मी स्वतः तिलक नगरला पाऊल टाकलं नाही. भाजीसुद्धा दुसऱ्या बाजूच्या मंडईतनं आणायला लागलो. रात्रंदिवस एकच डोक्यात, काकूंची आयुष्याची एक सकाळ होती आणि ती मी कूलरपुढं ठेवून नासवली. ती गाणी आता कायमची उघडी, तालाशिवायची राहणार, आणि ऐकणारा प्रत्येक जण विचारणार, तबला का नाही हो? आणि काका सांगणार.

आणि त्याच्याही खाली एक भीती होती, ती मी बायकोलाही सांगितली नाही. काकू बोलायला लागतील तेव्हा तो आवाज ऐकायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी बायकोनंच ढकललं. "त्यांना बोलायला परवानगी मिळालीय. जाऊन या. खाणार नाहीत त्या तुम्हाला."

"तुला काय माहीत?"

"घशाला टाके आहेत. गिळता येत नाही अजून."

मी तबल्याला नवी पुडी बसवून घेतली आणि तबला काखेत मारून गेलो, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. दार काकांनी उघडलं. तबल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बाजूला झाले. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या, गळ्याला पट्टी, बारीक झालेल्या. उशाशी मोबाइल, आणि त्यात त्यांचाच पाळणा लागलेला. बोटानं मला बस म्हणाल्या. मी बसलो. पाळणा पूर्ण झाला. ओळ, मग ती थांबायची जागा, मग ओळ. त्यात माझ्या तंबोऱ्याची तार, आणि नीट कान दिला तर एका ठिकाणी माझ्या पोटाची गुडगुड.

संपला तसं मला राहवेना. सगळं एकदम बाहेर पडलं.

"काकू, माझी चूक झाली. मी कूलर लावला. मला वाटलं भोपळा तडकेल. हे बघा, नवी पुडी बसवलीय, एकदम खणखणीत. मी त्या भैयाला फोन केला होता, तो म्हणतो गाणं आहे तसं ठेवून मागनं तबला घालता येतो. तुम्हाला यायला नको, काही नको. मी एकटा जाईन. एसी बंद करायला सांगेन. एका दिवसात चारी गाणी भरून टाकतो."

काकूंनी हात वर केला. त्यांनी घोटभर पाणी घेतलं, सावकाश गिळलं, पट्टीवर हात ठेवला. मला कळलं की आता त्या बोलणार, आणि मला उठून पळून जावंसं वाटलं. तबला दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

आवाज आला. जाड, घासलेला, वाळूतनं पत्रा ओढल्यासारखा. काकूंचा नव्हता, आणि बोलणं मात्र त्यांचंच होतं.

"पाळण्याला हात लावू नकोस. बरं झालं तबला फाटला. तू पळतोस, पोर झोपलं नसतं."